नकाशात नसलेला चर

इअरफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि एसटीत रेंज जाते म्हणून इथे येऊन वाचणाऱ्यांनाही नमस्कार. नेहमीप्रमाणे हे एपिसोडचं लिखित रूप. बोलताना माझ्या तोंडी जे शंभर वेळा 'ॲक्च्युअली' येतं ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच.

आजचा विषय ऐकून तुम्ही एपिसोड स्किप कराल अशी भीती आहे. विषय असा: गाव वाढायला लागलं की कुठली जमीन कशासाठी वापरायची हे कोण ठरवतं? घरं कुठे, शेत कुठे, गुरं कुठे, पाणी कुठून जाणार? सरकारी भाषेत याला 'भूवापर नियोजन' म्हणतात आणि हा शब्द ऐकूनच झोप येते. पण थांबा. मी कायद्यापासून सुरुवात करत नाहीये. मी जिजीच्या गव्हाच्या कोठीपासून सुरुवात करतोय.

आमचं गाव पारोळा आणि एरंडोलच्या मधे, हायवेपासून जवळ. दोन वर्षांपूर्वी गणपतीत मी घरी होतो. एका रात्री धो धो पाऊस झाला आणि सकाळी जिजीच्या घरात गुडघाभर पाणी. जिजी आमच्या नात्यातली नाही, पण अख्खी गल्ली तिला जिजीच म्हणते. कोठीतला खालचा गहू सगळा भिजला. लग्न होऊन या घरात आल्याला तिला पन्नास वर्षं झाली, पण घरात पाणी शिरलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. सगळे म्हणाले, काय करणार, पाऊसच तसा झाला. माझे आजोबा, आबा, ओट्यावर बसले होते. ते अहिराणीत एवढंच म्हणाले, “पानीले वाट लागस, भाऊ. तू नही दिधी ते ते सोता काढी लेस.” अहिराणी न येणाऱ्यांसाठी: पाण्याला वाट लागते, तू नाही दिलीस तर ते स्वतः काढून घेतं.

ती वाट म्हणजे आमच्या शेताच्या कडेचा एक चर. नाला म्हणावा एवढा मोठा नाही, दोन-अडीच हात रुंद. गावाच्या वरच्या अंगाचं पाणी त्यातून खालच्या ओढ्याला जायचं. दरवर्षी आखाजी झाली की मृगाच्या आधी आबा आणि लागूनच्या शेतांतले तिघंजण मिळून तो साफ करायचे. सातबाऱ्यावर त्याचा उल्लेख नाही. नकाशावर त्याची रेघ नाही. तो फक्त चार माणसांच्या डोक्यात आणि फावड्यात होता.

२०१६ मध्ये आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते शेत विकलं. एन. ए. झालं, लेआउट पडला, मुरूम पसरला, त्यात चर बुजला. बेकायदा कुणीच काही केलं नाही. कागदावर रस्ते आहेत, ओपन स्पेस आहे, सगळं नियमात. आणि आलेल्या पैशांतून माझ्या इंजिनिअरिंगच्या उरलेल्या वर्षांची फी गेली. त्यामुळे या गोष्टीत व्हिलन शोधायला निघालो की मी फिरून आमच्याच ओट्यावर येतो.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. जे आबांना माहीत होतं ते त्या लेआउटला का माहीत नव्हतं? आणि आपल्या खान्देशात आधी हे कसं चालायचं? मग मी वाचायला लागलो. त्यातून हा एपिसोड.

सगळ्यांचा फड

पहिला थांबा पांझरा नदी. साक्री तालुक्याच्या डोंगरात उगम, धुळ्यातून वाहते आणि पुढे तापीला मिळते. या नदीवर, आणि तिकडे बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर, शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं एक पद्धत चालवली. तिचं नाव फड पद्धत. फड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तमाशा किंवा ऊसतोड आली असेल. इथे फड म्हणजे शेतजमिनीचा एक मोठा सलग तुकडा, ज्यात बऱ्याच जणांची शेतं असतात.

नदीवर दगडी बंधारा. बंधाऱ्यातून पाट निघायचा, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात पाणी. हे सगळं उतारानं. ना मोटर, ना लाइट. पाण्याखाली येणाऱ्या गावाच्या जमिनीचे साधारण तीन-चार फड पाडलेले. आता मुख्य भाग ऐका. एका फडात एका हंगामात एकच पीक. या वर्षी या फडात ऊस, त्या फडात हंगामी पीक, आणि एखादा फड पाण्याविना किंवा पडीक. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. आणि हे ठरवायचं त्या जमिनीवाल्या शेतकऱ्यांनी, एकत्र बसून.

विचार करा. शेत माझं, सातबारा माझा, पण त्यात काय लावायचं हे मी एकटा ठरवू शकत नाही. शेजारी गहू असताना माझ्याच तुकड्यात मी ऊस लावला तर त्याला वेगळ्या वेळी पाणी लागेल, चारी वेगळ्या वेळी उघडावी लागेल, सगळ्यांचं वेळापत्रक कोसळेल. मग याच्यात माझं नुकसान नाही का? त्याचंही उत्तर होतं. शक्य तिथे प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असायची. त्यामुळे उसाचा फडही आपला आणि पडीक फडही आपलाच. फायदा वाटलेला, तोटाही वाटलेला.

हे चालवायला माणसं नेमलेली असायची. पाटकरी पाणी सोडायचा आणि वळवायचा. जागल्या राखण करायचा. देखरेखीला हवालदार. त्यांना मोबदला धान्यात. पावसाळ्याआधी पाटातला गाळ काढायला प्रत्येक घरानं माणूस पाठवायचा, ज्याची जमीन जास्त त्याचा वाटा जास्त. नदीला पाणी कमी असेल तर सगळे मिळून भिजवायचं क्षेत्रच कमी करायचे. नियम लिहिलेले नव्हते, पण पाळले जायचे, कारण मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच पारावर बसायचं असायचं.

माझ्या दृष्टीनं हा गावकऱ्यांनी केलेला जमीन वापराचा आराखडा आहे. तीनशे-चारशे वर्षं टिकलेला, आणि दरवर्षी अपडेट होणारा.

आता याला डोक्यावर घेऊन नाचण्याआधी एक ब्रेक. त्या बैठकीत कोण बसायचं? जमीनवाले. ज्याच्याकडे जमीन नाही, जो त्याच फडात मजुरी करायचा, त्याला मत नव्हतं. बायका चारीतून पाणी द्यायला, निंदायला, कापणीला असायच्या, बैठकीला नसायच्या. तेव्हा 'पूर्वी सगळं छान होतं' असलं मी म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की जमिनीचा वापर एकत्र बसून ठरवणं ही आपल्याकडे बाहेरून आणायची गोष्ट नाही. पुढे विहिरी आल्या, विजेचे पंप आले, नदीवर धरणं झाली. ज्याचं त्याला पाणी मिळायला लागलं आणि एकत्र बसायचं कारणच कमी झालं. बऱ्याच ठिकाणी फड मोडले.

४०१ घरांचं धुळे

दुसरा थांबा धुळे. तुम्हाला एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड आला असेल, की धुळे शहराची आखणी सर विश्वेश्वरय्यांनी केली. विश्वेश्वरय्यांनी धुळ्यात काम केलं हे खरं. १८८४ मध्ये ते मुंबई सरकारच्या नोकरीत लागले आणि सुरुवातीच्याच काळात त्यांनी धुळे भागात पाण्याची कामं केली. पण जुन्या धुळ्याची मूळ आखणी त्याच्या पासष्ट वर्षं आधीची. विश्वेश्वरय्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

मूळ गोष्ट अशी. १८०३ मध्ये होळकरांच्या स्वाऱ्या आणि त्यावर भयानक दुष्काळ, यामुळे धुळे गाव पूर्ण ओस पडलं होतं. माणूस नावाला नाही. पुढच्याच वर्षी विंचूरकरांचे कारभारी बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं. १८१८ मध्ये इंग्रज आले. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा खान्देशचा इंग्रज अधिकारी. त्यानं जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळे निवडलं. १८१९ ची मोजणी सांगते: ४०१ घरं, २,५०९ माणसं. आज आमच्यासारख्या हायवेलगतच्या गावात याहून जास्त घरं निघतील! म्हणजे धुळे तेव्हा अक्षरशः एक वाढायला निघालेलं गाव होतं. एका बाजूला पांझरा, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पाट, मधे दाटीनं बसलेलं, आणि सभोवार बागायत.

ब्रिग्जनं काय केलं? सरकारी कचेऱ्यांना मंजुरी आणली, लांबून कारागीर बोलावले. बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यांना आमंत्रण दिलं की इकडे या. घर बांधायला जागा दिली, तीही कायमची बिनभाड्याची. वर घर बांधायला उचल दिली. आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते: उचल नव्या लोकांना दिली आणि जुन्या रहिवाशांनाही दिली. नवं शहर म्हणजे जुन्यांना हाकला, असा त्याचा हिशोब नव्हता. आज आग्रा रोडच्या बाजूनं सरळ आखलेल्या, नंबर दिलेल्या गल्ल्यांतून तुम्ही चालता, तेव्हा एका आखीव पेठेत चालता.

पण आखणी वरून आली. लोकांना जागा मिळाली, पैसे मिळाले; 'रेघ कुठे ओढू' हे विचारलं गेलं की नाही, याला कागदात जागा नाही. गाव वाढत गेलं, १८७२ पर्यंत वस्ती बारा हजारांच्या पुढे गेली. आणि त्याच १८७२ मध्ये पांझरेला मोठा पूर आला, घरांचं आणि मालमत्तेचं बरंच नुकसान झालं. नदीनं आपली हद्द दाखवली. आबांचं वाक्य आठवलं ना?

जळगावच्या बाजूला हेच काम रेल्वेनं केलं. भुसावळ म्हणजे तापीजवळचं छोटं खेडं. १८६० च्या दशकात रेल्वे आली, जंक्शन झालं, आणि कंपनीनं आपल्या लोकांसाठी बंगले, कॉलनी, पाणी असं सगळं आखून घेतलं. कॉलनीच्या बाहेर जो बाजार आणि जी वस्ती वाढली ती आपली आपण वाढली. एकाच गावात एका बाजूला आखलेलं आणि दुसऱ्या बाजूला उगवलेलं. ही फाळणी तुम्हाला आजही कुठल्याही एमआयडीसीच्या गावात दिसेल.

आग्रा रोडनं पुढे, इंदूरची दिवाळी

आता धुळ्यातून त्याच आग्रा रोडनं शिरपूर, सेंधवा करत पुढे जाऊ. इंदूर. होळकरांचं, मराठी बोलणाऱ्यांचं जुनं गाव. साल १९१७-१८ च्या आसपास. इंदुरात प्लेग. दरबारानं एका स्कॉटिश म्हाताऱ्याला बोलावलं, पॅट्रिक गेडीस. मुळात जीवशास्त्राचा माणूस, नंतर नगररचनाकार झाला. १९१४ मध्ये तो भारतात आला. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, म्हणजे 'टाउन प्लॅनिंग' हा शब्द तेव्हा नवा नवा बाजारात आला होता. पुढे १९१९ मध्ये हाच माणूस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला.

त्या काळी इंजिनिअर लोकांचा आवडता इलाज ठरलेला: दाट वस्ती दिसली की मधून सरळ रुंद रस्ता काढा, घरं पाडा. गेडीस म्हणायचा, डॉक्टर तपासल्याशिवाय कापतो का? तो आधी गल्ल्यांतून पायी फिरायचा. विहीर कुठे, झाड कुठे, देऊळ कुठे, लोक संध्याकाळी बसतात कुठे, हे बघायचा. मग एखादं पडकं घर काढून हवा खेळती करायची, बाकी वस्ती जागेवर. सोन्यासारखं साधं.

पण इंदुरात लोक त्याला घाबरायचे. हातात नकाशा घेऊन फिरणारा गोरा माणूस म्हणजे घर पाडणारा, हे समीकरण पक्कं होतं. तेव्हा त्यानं दिवाळीची मिरवणूक काढायची परवानगी मागितली आणि जाहीर केलं: मिरवणूक नेहमीच्या वाटेनं जाणार नाही, जी गल्ली सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त असेल तिच्यातून जाईल. बस! लोकांनी घरं रंगवली, रस्ते झाडले, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या गावाबाहेर गेल्या. मिरवणुकीत प्लेगचा मोठा उंदीर होता, आणि नव्या इंदूरचा देखावाही. ज्या आराखड्याला लोक घाबरत होते, तो त्यांच्यासमोरून वाजतगाजत गेला.

१९१८ मध्ये त्याचा इंदूरवरचा मोठा अहवाल आला. गेडीस राजाच्या परवानगीनं काम करत होता, लोकशाही वगैरे काही नव्हतं. पण एक गोष्ट त्याला कळली होती, जी ब्रिग्जच्या आखणीत दिसत नाही आणि फडाच्या बैठकीत रोजची होती. ज्याला त्या गल्लीत राहायचंय, त्याला नकाशा ओढण्याआधी सोबत घ्यायचं.

मग आपल्याकडे काय झालं?

कायदे झाले. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा. १९६६ मध्ये एकाच वर्षी दोन मोठे: नगररचनेचा एम. आर. टी. पी. कायदा आणि जमीन महसूल संहिता. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. गेल्या काही वर्षांत 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणत गावानं स्वतःचा विकास आराखडा करायचा, हेही आलं. कागदावर बघाल तर आपल्याला विचारायची सोय भरपूर आहे.

शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की त्यावर हरकती आणि सूचना द्यायला ३० दिवस मिळतात. वलवाडी, महिंदळे, अवधान यांसारखी गावं २०१८ मध्ये धुळे महापालिकेच्या हद्दीत आली. कालपर्यंत ग्रामसभेत बोलणारा माणूस आज वॉर्डातला मतदार. अशा गावांना ही ३० दिवसांची खिडकी माहीत असणं फार गरजेचं आहे. तुमच्या शेतावर शाळेचं किंवा रस्त्याचं आरक्षण पडलं, हे तिसाव्या नाही तर एकतिसाव्या दिवशी कळून काय उपयोग?

जे गाव अजून गावच आहे त्याची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक वेळा पूर्ण गावाचा विचार एकत्र होतच नाही. एक शेत एन. ए. होतं, मग शेजारचं, मग पलीकडचं. प्रत्येक लेआउट स्वतःपुरता बरोबर. याचा रस्ता त्याच्या रस्त्याला मिळत नाही, याची गटार त्याच्या भिंतीवर संपते. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ओळखतो: प्रत्येक मॉड्यूलची टेस्ट पास, आणि सगळे जोडले की सिस्टिम पडते.

ग्रामसभा? महाराष्ट्रात वर्षाला किमान चार व्हायला हव्यात. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी ती. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असाही नियम आहे. पण कोरम भरला नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही! म्हणजे आपण गेलो नाही म्हणून सभा थांबत नाही. ती आपल्याशिवाय होते. हे वाक्य मी मुद्दाम हळू बोललो होतो रेकॉर्डिंगमध्ये.

आणि ड्रोन? २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली. गावठाणाची ड्रोननं मोजणी आणि घराला मालमत्तेचं कार्ड. ड्रोन उडण्याआधी लोकांसमोर जागेवर चुन्यानं रेघा मारतात, मला ते दृश्य भारी आवडतं. हद्द आधी माणूस दाखवतो, मग कॅमेरा बघतो. पण ती मोजणी गावठाणातल्या घरांची. गावठाणाबाहेरचा आमचा बुजलेला चर कुठल्याही ड्रोनला दिसणार नाही. जे बुजलं ते वरून दिसतच नाही, ते आठवणीतूनच काढावं लागतं.

बारीपाडा

'अरे, असं बसून ठरवणं आता कुठे जमतं?' असं म्हणणाऱ्यांसाठी पत्ता लिहून घ्या. बारीपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. पिंपळनेरच्या पलीकडे, गुजरातच्या सीमेकडचा आदिवासी पाडा. १९९० च्या सुमाराला इथलं जंगल तोडून तोडून बोडकं झालं होतं, विहिरी कोरड्या, पाण्यासाठी बायकांची पायपीट. चैत्राम पवार हा गावातलाच एम. कॉम. झालेला तरुण. नोकरीला बाहेर जाण्याऐवजी तो गावात राहिला आणि गाव बसायला लागलं.

काय ठरवलं त्यांनी? जंगलात कुऱ्हाड चालवायची नाही. चराई कुठे आणि कधी, हे गाव ठरवणार. राखण पाळीनं. नियम मोडला तर दंड, मग तो आपला भाऊ असला तरी. श्रमदानानं बांध घातले, चर खोदले, पाणी अडवलं. सुमारे ४४५ हेक्टर जंगल या गावानं राखलं. विहिरींना पाणी आलं, शेती सुधारली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००४ पासून तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते आणि तिच्यात पुढे असतात बायका, कारण कुठली भाजी कुठल्या उतारावर, कधी उगवते हे ज्ञान त्यांचं. जानेवारी २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

पद्मश्रीपेक्षा मला त्यातला क्रम आवडतो. आधी गाव बसलं, नियम झाले, मग जमिनीवर काम. आमच्याकडे आधी मुरूम पडला. बैठक पाणी घरात शिरल्यावर झाली.

पुन्हा चराजवळ

तर आमच्या गावात पुढे काय झालं? फार मोठं काही नाही, खोटं कशाला सांगू.

मागच्या दिवाळीत आम्ही पाच-सहा जणांनी एक काम केलं. आबा आणि त्यांच्या वयाच्या तीन-चार जणांना घेऊन गावाभोवती चाललो. ते सांगायचे, आम्ही फोनच्या नकाशावर खूण करायचो. इथून पाणी जायचं. इथे गुरं बसायची. इथे जुनी विहीर होती, बुजवली. ही बैलगाडीची वाट, रीतीची, कागदावर नाही. जिजी म्हणाली, म्हाताऱ्या बायकांना कोण विचारणार? मग दुसरी फेरी तिच्यासोबत काढली. तिनं तीन जागा अशा दाखवल्या ज्या एकाही पुरुषाला सांगता आल्या नव्हत्या. त्यातली एक म्हणजे पाऊस झाल्यावर शाळेच्या मागे पाणी साचतं ती जागा. तिथेच अंगणवाडीची नवी खोली व्हायची चर्चा चालू होती.

एकूण ३१ खुणा झाल्या. तो नकाशा मोठ्या कागदावर छापून आम्ही ग्रामसभेत भिंतीला लावला. त्या दिवशी कोरम भरला. लोक ठरावासाठी आले नव्हते, कागदावर आपलं घर शोधायला आले होते. पण आले! ठराव दोन झाले. पुढच्या लेआउटच्या आधी पाण्याच्या वाटा गावानं बघायच्या, आणि अंगणवाडीच्या खोलीची जागा बदलायची. पहिल्या ठरावाला कायद्यात किती वजन आहे, यावर आमचे वकील मित्र हसले. असू दे. फडाचे नियमही लिहिलेले नव्हते.

राहिला आमचा चर. त्या लेआउटमध्ये आप्पांनी दोन प्लॉट विकले नव्हते, माझ्या नावानं राखून ठेवले होते. जुना चर नेमका त्यातल्या एकाच्या कडेनं जात होता. ग्रामसभेत कुणीतरी मागून विचारलं, “नकाशा झकास काढला, पण तुमच्या प्लॉटमधून वाट देता का?” मी आप्पांकडे बघितलं. ते खाली बघत होते. घरी आल्यावर दोन दिवस आम्ही बोललो नाही. ते बरोबरच होते हो. त्यांनी शेत विकलं ते माझ्यासाठी, प्लॉट ठेवला तोही माझ्यासाठी, आणि मी पुण्यातून येऊन भर सभेत तो अडचणीत आणला. त्यांना आधी विचारायला हवं होतं. अख्खा एपिसोड 'आधी विचारा' म्हणणारा मी, घरातच विसरलो.

या आखाजीला मी गावी गेलो. सकाळी उठलो तर आप्पा घरात नाहीत. प्लॉटवर होते. दोरी लावून कडेची चार हात रुंद पट्टी आखत होते, चुना घेऊन. मला बघून म्हणाले, “उभा काय राहिलास, दोरीचं दुसरं टोक धर.” शेजारच्या दोन प्लॉटवाल्यांपैकी एक तयार झालाय, एक अजून नाही. म्हणजे चर अर्धाच आहे. अर्ध्या चरानं जिजीचं घर वाचत नाही, हे आम्हाला माहीत आहे. त्या तिसऱ्या माणसाच्या घरी पुन्हा जायचं आहे, चहाला.

तुम्हाला आजचा होमवर्क एकच. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला, शक्यतो बाईला, विचारा: पूर्वी पाणी कुठून जायचं? आणि चालत जाऊन ती जागा बघा. तिथे आता काय आहे ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा, अहिराणीत पाठवलंत तर आणखी आनंद. आणि पुढची ग्रामसभा कधी आहे ते पंचायतीच्या फळ्यावर बघून या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, काळजी घ्या. पावसाळा जवळ आलाय.